ज्वारीचं बाळ

९ मार्च, रविवार

ही डायरी भुवीनं दिली, माझ्या लेकीनं. बँकेची आहे, तिला कुणीतरी दिलेली, जानेवारी-फेब्रुवारीची पानं कोरीच गेलीत. म्हणाली, "अव्वा, तुझ्या तोंडात येतं ते आधी हितं लिही, मग माणसाला बोल." मी चौथी शिकलेली. अक्षर माझं वाकडं. पण आज बोलायला गेले असते तर घरात भांडण पेटलं असतं, म्हणून लिहायला बसले.

सोमेशचा फोन आला होता. सोमेश म्हणजे आमचा जावई, भुवीचा नवरा. कॅनडात ट्रकची इंजिनं दुरुस्त करतो. त्याला तिथल्या सैन्यात घेतलं. हितल्या भरतीला पोरगा किती वेळा पळाला, कधी छाती कमी भरली, कधी पळण्यात मागं पडला. शेवटी वयच निघून गेलं. तिथं म्हणे मेकॅनिक कमी पडलेत, आणि कायम राहायचा परवाना असला की बाहेरच्या माणसालाही सैन्यात घेतात. जूनमध्ये ट्रेनिंग चालू. त्याच्या आधी बायकोला आणि आईला घेऊन जाणार, कायमचं.

भुवीला चौथा संपत आलाय. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण आईच्या घरी होतं, हे सांगायला लागतं का कुणाला? मी सरळ विचारलं, बाळंतपण कोण करणार?

तो म्हणाला, "मामी, आई हाय की."

आई हाय की. म्हणजे धनलक्ष्मी, माझी विहीण. तिला हा एकच पोरगा, आणि तो पण तिच्या आईनं अक्कलकोटला पायावर घेऊन वाढवला. हिनं आयुष्यात एक लेकरू न्हाऊ घातलेलं नाही. मी भुवी धरून आमच्या गल्लीतली किती पोरं पायावर घेतली, ती आता मिशा घेऊन फिरतात.

फोन मी मालकांच्या हातात दिला आणि भाकऱ्या करायला बसले. दोन फुटल्या.

सोमेश दिवाळीला आला होता तेव्हा भुवी म्हणाली होती, अव्वा, तू पण पासपोर्ट काढून ठेव. मी म्हटलं होतं, मला काय वेड लागलंय त्या बर्फात यायला. परत काही तिनं विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं की. माणूस एकदा नाही म्हणतंच.

१२ मार्च, बुधवार

सगळ्या भवानी पेठेला कळलंय. माझ्याकडं कडक भाकरी विकत न्यायला येणारी बाई भाकरीचं विचारत नाही, आधी धनलक्ष्मीबाईंचं विचारते. विमान कितीचं, थंडी किती, सैन्याचं घर मिळणार का. जसं काय तीच बंदूक धरणार आहे.

तिप्पण्णा पानवाला मला ऐकू जाईल असं म्हणाला, "गोऱ्या राजाची शपथ घेणार म्हणं तुमचा जावई. आपल्या भरतीत जमलं न्हाय म्हणून तिकडं सलाम ठोकायचा."

मी म्हटलं, तुझा पोरगा दहा वर्षं तुझ्याच टपरीवर बसून सुपारी खातोय, त्यानं कुणाची शपथ घेतली? पानाला चुना फासायला लागला.

घरी येऊन मालकांना मीच विचारलं, हे बरं आहे का, दुसऱ्याच्या राजाची शपथ? ते टॉवेलच्या कारखान्यात वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या मशीनवर आहेत, दिवसभर तिचा आवाज ऐकून कमी बोलतात. म्हणाले, "पोराला लहानपणापासनं वर्दी घालायची होती. मिळाली. कापड कुणाचं का असंना." मग म्हणाले, "त्यांची लढाई लागली तर काय, ते मात्र मी रोज झोपताना विचार करतोय."

मी तो विचार केलाच नव्हता. मी बाळंतपणाचाच करत होते.

१६ मार्च, रविवार

भुवीचं डोहाळजेवण केलं. सातव्यात करायचं ते पाचव्यातच, विमानामुळं. हिरवी साडी आमच्याकडची, तीच नेसायची असते. धनलक्ष्मीनं पण हिरवी आणली. मऊ, हलकी, काठ बारीक. भुवी म्हणाली, अत्तीची साडी हलकी आहे, बसायला बरी पडेल. पाच महिन्यांच्या पोटाला साडी जड होती म्हणे माझी.

नेसली शेवटी माझीच. पण मी तोंड बघितलं तिचं.

बायका जमल्या त्या धनलक्ष्मीभोवती. तिनं नवे बूट दाखवले, आत लोकर असलेले. पाय बघा म्हणाली, कसा अडकतोय. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी तिथं पुरणाचं पातेलं उचलत होते.

जाताना माझ्या जवळ येऊन हळू म्हणाली, "अक्का, तुमीच चला की माझ्या जागी."

बघा. आपल्या हातात असलेलं दुसऱ्याला दाखवायचं आणि वर घ्या म्हणायचं. मी म्हटलं, पासपोर्ट तुमचाय, जागा तुमची. तिनं मान खाली घातली. नाटकं लई.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभी केली. भुवी सासरीच. आली संध्याकाळी तासभर. पाय सुजलेत. मी तेल लावून चोळले. ती झोपूनच गेली माझ्या मांडीवर. सासूचा फोन आला, भुवी कुठाय, रिक्षा पाठवू का. मी उचलला नाही. परत आला. परत नाही उचलला. मग मालकांच्या फोनवर आला, आणि त्यांनी उचलला. ते असलेच.

६ एप्रिल, रविवार

आज नवल झालं. धनलक्ष्मी दुपारच्या उन्हात चालत आली. घामानं ब्लाऊज भिजलेला. पाणी दिलं. बसली. बरोबर काही आणलेलं नाही, हात रिकामे, म्हणजे मागायला आली हे कळलं.

म्हणाली, "अक्का, मला बाळ न्हाऊ घालायला शिकवा. मला भ्या वाटतंय. हातातनं निसटलं तर?"

मनात आलं, आता आली का मान खाली घालून. तोंडानं म्हटलं, तिथं नर्स असती की. ती म्हणाली, नर्स दोनदा येती आणि जाती, सोमू ट्रेनिंगला, आठ-आठ दिवस फोन पण देत न्हाईत त्यांना, मी आणि भुवी दोघीच.

दोघीच. तिनं सहज म्हटलं. मला कुठंतरी चावलं ते.

बाळ कुठनं आणायचं शिकवायला? मी भाकरीच्या डब्यातली ज्वारी घेतली, नवीन बाळाएवढी, टॉवेलात घट्ट बांधली. वर गाठ मारली ते डोकं. धनलक्ष्मीला मोरीत पाटावर बसवलं, पाय लांब करायला सांगितले, साडी गुडघ्यावर. तिचे पाय काटक्या आहेत. ज्वारीचं बाळ ठेवलं की इकडं घरंगळायचं, तिकडं घरंगळायचं. टाचा जुळवा म्हटलं, मधे खाच होते, तिथं बसतं बाळ. डोकं पावलांकडं. तेल छातीवरनं खांद्याकडं, पोट उजवीकडनं डावीकडं, पाठ सगळ्यात शेवटी. पाणी आपल्या कोपरावर घेऊन बघायचं. तोंडावर ओतायचं नाही, हाताचा आडोसा करून कपाळावरनं मागं सोडायचं. पालथं घालताना हनुवटी आपल्या तळहातात.

मी म्हटलं होतं तांब्या रिकामा घ्या. तिनं भरला आणि ओतला. ज्वारी भिजली. मला एवढा राग आला. म्हटलं, ही विकायची भाकरीची ज्वारी आहे, तुम्हाला काही कळतं की नाही. तिचे डोळे भरले. मग आपणच हसायला लागली, ज्वारीच्या बाळाला म्हणाली, "कूसु, रडू नको, तुझी आज्जी रागीट हाय."

मला पण हसू आलं. दाबलं.

८ एप्रिल, मंगळवार

रोज येती. आता टाच हलत नाही तिची. मालक कामावरनं आले तर मोरीत ती पाय पसरून बसलेली, पुढं मी उकिडवी, मधे टॉवेलातली ज्वारी. ते दारातनंच मागं फिरले.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही.

माझ्या सासूनं मला दाखवलं होतं. पहिला तांब्या ओतायच्या आधी आपला तळहात कोमट पाण्यात बुडवायचा आणि बाळाच्या छातीवर ठेवायचा. चोळायचं नाही, थापटायचं नाही, नुसता ठेवायचा. त्याचा श्वास वर-खाली उडत असतो, तो हाताखाली खाली बसतो. मग ओतायचं. बाळ दचकत नाही. भुवी कधी न्हाताना रडली नाही. पेठेतल्या बायका माझ्याबद्दल म्हणायच्या, नागव्वाच्या पायावर लेकरू झोपतं.

धनलक्ष्मीनं विचारलं, "अजून काय राहिलं का अक्का?"

मी म्हटलं, न्हाई. झालं सगळं.

बाळ घेऊन चाललीस, बाळंतपण घेऊन चाललीस, एवढं तरी राहू दे माझ्याकडं.

१३ एप्रिल, रविवार

सोमेश आला न्यायला. केस आत्ताच बारीक कापलेत, सवय व्हावी म्हणून. पाया पडला. वाकताना भुवीकडं बघत होता, ती कुठं पाय ठेवते, उंबरा दिसतोय का तिला. चांगला आहे पोरगा. चांगला नसता तर बोलायला सोपं गेलं असतं.

मालकांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, लढाई लागली तर? तो म्हणाला, मामा, मी गाड्या दुरुस्त करणार, माझ्या हातात पाना असणार. मालक म्हणाले, गाड्या कुठं बिघडतात तिथंच जावं लागतं की दुरुस्त करायला. सोमेशनं कापलेल्या केसांवरनं हात फिरवला. मग म्हणाला, व्हय मामा. खोटं बोलला नाही, ते बरं केलं.

१७ एप्रिल, गुरुवार

गेली.

कडक भाकऱ्या कापडात बांधून दिल्या, शेंगाचटणी, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा. हातावर दही-साखर घातली. स्टेशनवर भुवी माझ्या गळ्यात पडली ती सोडेना. मी म्हटलं चल, गाडी सुटेल, नाटक नको. एवढंच बोलले मी. बाकीचं सगळं बोलायचं राहिलं.

धनलक्ष्मीनं त्या लोकरीच्या बुटात पाय घातलेले. सोलापुरात, एप्रिलमध्ये. ट्रंकेत मावत नव्हते म्हणे. घामाघूम. गाडी हलली तसा तिनं भुवीचा दंड धरला. लोकांना वाटलं असेल सांभाळायला धरला.

२६ एप्रिल, शनिवार

मोरीतल्या कोपऱ्यात टॉवेल राहिला होता. वास आला म्हणून सोडला. ज्वारीला मोड आलेले, पांढरे, बोटभर. भाकरीला कामाची नाही. गाईला घालायला नेली आणि तशीच परत आणली. गाय नव्हती. म्हणजे होती, पण दुसऱ्या बाजूला बांधली होती.

परसात कुंडीत टाकली.

१० जून, मंगळवार

बऱ्याच दिवसांनी. लिहिण्यासारखं काय, रोज तोंड दिसतं फोनमध्ये. भुवीच्या मागं धनलक्ष्मी असती. कधी भाजी चिरताना, कधी खिडकीतनं बाहेर बघताना. खिडकीत काही नसतं, झाडं आणि रस्ता. तिला एकदा विचारलं, काय बघता? म्हणाली, माणूस जाईल म्हणून बघतेय अक्का.

सोमेश बराकीत गेला. भुवी सांगत होती, अत्ती रात्री माझ्या खोलीत झोपते, माझ्या पाठीला हात लावून. तिला एकटीला झोप येत नाही आणि मला पण.

माझ्यापाशी झोपायला पाहिजे होती ती या महिन्यात. मी फोन ठेवला आणि भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

३० जुलै, बुधवार

मुलगी झाली. निलांबिका नाव ठेवणार. निलू. भुवी बरी आहे. सोमेशला दोन दिवस सोडलं.

फोटो आला. सगळ्यात पहिला फोटो धनलक्ष्मीच्या हातातला. मालक रडले. मी पेढे आणले, तिप्पण्णाला पण दिला. तो म्हणाला, "राजाच्या देशातली नात. आता तुमी विमानात बसणार की." मी म्हटलं, पेढा खा.

फोटो मोठा करून बघितला. बाळाचं कपाळ माझं आहे. हात मात्र तिचे, खालून धरलेले.

९ ऑगस्ट, शनिवार

नाळ पडली. आज पायावर घेतलं. हितं संध्याकाळ, तिथं सकाळ. भुवीनं फोन कपाटावर ठेवून दाखवलं. टबमध्येच पाट ठेवून धनलक्ष्मी बसली, पाय लांब, टाचा जुळवून. मी शिकवलं तसं सगळं. तेल बरोबर, पोट बरोबर, हनुवटी बरोबर.

पहिला तांब्या ओतला आणि पोरगी किंचाळली. हातपाय ताठ. लाल झाली. शेवटपर्यंत रडत होती.

मला बरं वाटलं. डायरीत खरं लिहायचं म्हणून लिहिते. बरं वाटलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

रोज तेच. नुसतं पाण्याचा आवाज आला तरी रडायला लागती आता. दूध प्यायचं सोडून देती म्हणे त्यानंतर.

भुवी तोंड फुगवून म्हणाली, अव्वा, तू घ्यायचीस तेव्हा पण पोरं अशी रडायची का? मी म्हटलं, एकेकाच्या हाताचा गुण असतो.

धनलक्ष्मी मागं उभी होती. ऐकलं तिनं. ऐकावं म्हणूनच म्हटलं होतं.

मालक जेवताना म्हणाले, "त्यांना तू सगळं दाखवलंस ना?"

दाखवलं की, म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. भाकरी मोडत बसले, लहान-लहान तुकडे, आणि खाल्ले नाहीत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नर्स येऊन गेली. प्लास्टिकचा टब वापरा म्हणाली, कापडानं पुसा. भुवीनं सांगितलं, अत्ती आता पायावर घेणार नाही. सोमेशचा फोन आला तेव्हा धनलक्ष्मीनं त्याला सांगितलं, माझ्या हातात कायतरी खोट हाय, तू मला परत पाठव. तो बराकीतनं काय करणार.

म्हणजे मी जिंकले. असं वाटायला पाहिजे होतं.

मग भुवी रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. केस विंचरलेले नाहीत, माझी हिरवी साडी मागं खुर्चीवर पडलेली, त्यावर दुधाचा डाग. म्हणाली, "अव्वा, अत्ती जेवत नाही. निलू पीत नाही. माझंच काय चुकतंय का गं? मला आई होता येत नाही का?"

मी म्हटलं, गप, रेंज जातेय. रेंज होती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काल दिवसभर भाकऱ्या केल्या, एक फुटली नाही, आणि एकीकडं पण लक्ष नव्हतं.

आज मीच फोन लावला. म्हटलं, धनलक्ष्मीबाईंना द्या. आली. डोळे आत गेलेत, काटकीच झालीय आख्खी. मला बघून पदर सावरला, जसं मी घरात आले.

म्हटलं, बसा पाय लांब करून. बाळ घ्या.

ती म्हणाली, "नको अक्का. रडतंय. सोडून दिलं मी."

मी म्हटलं, घ्या म्हणतेय तर घ्या. तुम्हाला दाखवायचं एक राहिलंय.

राहिलंय म्हणाले. ठेवलंय म्हणायला जीभ वळली नाही.

भुवीनं फोन वर ठेवला. निलू पायावर आली तशीच कुरकुर चालू, तोंड उघडायच्या बेतात. मी सांगितलं, तांब्या खाली ठेवा. हात पाण्यात घाला, कोमट. आता छातीवर ठेवा. चोळू नका. हलवू नका. नुसता ठेवा.

तिनं ठेवला. श्वास धरूनच. मी म्हटलं, तुमचा श्वास पण सोडा, तिला कळतं. तिनं सोडला. फोनमधनं ऐकू आला मला तो.

निलूचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं. मग हळूच मिटलं. पोट उडत होतं, ते खाली बसत गेलं.

"आता?" धनलक्ष्मीनं विचारलं, बाळाकडं बघतच.

मी म्हटलं, आता ओता.

पाणी गेलं अंगावरनं. पोरगी दचकली नाही. डोळे उघडून वर बघत होती, तिच्याकडं. दुसरा तांब्या. तिसरा. भुवी भिंतीला टेकली आणि खाली बसली, हात तोंडावर धरून. आणि धनलक्ष्मी हसत होती, आवाज न करता, नाकावरनं पाणी गळत होतं तिच्या, न्हाणीचं की कसलं काय माहीत. मग तिला माझी आठवण झाली. वर फोनकडं बघून म्हणाली, "अक्का, बघा, गप झालं. तुमचा हात हाय बघा ह्यो."

माझा कुठला. तिचाच होता तो, तिथं, त्या छातीवर.

मी म्हटलं, पुसा लवकर, गार पडेल. आणि फोन बंद केला.

मोरीत गेले, दिवा लावला. पाट तसाच उभा होता भिंतीला. माझा हात कोरडाच होता, तरी साडीला पुसला.